काजळीचं कूळ

अकोल्याहून वाशिमला निघालं की पातूरचं जंगल संपता संपता मेडशी लागतं. मालेगाव तालुक्यातल्या या टापूत कुठल्याही गावच्या फोटो स्टुडिओत एक काम वर्षभर चालू असतं: घरातल्या जुन्या माणसाचा बोटभर फोटो आणायचा आणि भिंतीवर हार घालण्याजोगा मोठा करून न्यायचा. फेटेवाले आजोबा, डोक्यावर पदर घेतलेली आजी. मूळ फोटो कृष्णधवल, म्हणून मोठा केलेलाही कृष्णधवलच हवा. तो मिळतो, पण बारकाईने पाहिलं तर आजोबांच्या गालावर हिरवट झाक असते, नाहीतर फेट्याच्या चुण्यांत जांभळट. ट्यूबलाइटखाली बरा दिसणारा चेहरा ओसरीवरच्या उजेडात आजारी दिसतो.

स्टुडिओवाल्याचा यात दोष नसतो. त्याच्या टेबलावर बहुधा एप्सनचा एल 805 प्रिंटर किंवा त्याचाच एखादा भाऊबंद असतो. त्याच्या सहा टाक्यांत काळा, निळसर, किरमिजी, पिवळा आणि निळसर-किरमिजीच्या फिक्या आवृत्त्या असतात. करडा रंग त्यात नाहीच. करडं काही छापायची वेळ आली की हा प्रिंटर तीन रंग एकमेकांवर टाकून करड्याचा भास उभा करतो. प्रमाण केसभर चुकलं की झाक येते. पुढे उजेडाने ते तिन्ही रंग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत, म्हणून चांगली निघालेली प्रतही काही वर्षांनी रंग बदलते. दुकानात ‘कृष्णधवलसाठी कोणता प्रिंटर घेऊ?’ असं विचारलं तर डीपीआयचा आकडा सांगतात. आकडा खोटा नसतो, पण तो इथे फारसा कामाचा नाही. या यंत्रात काळे किती आणि ते कशाचे, हे आधी विचारायला हवं. त्याचं उत्तर समजायचं तर काळ्याची वंशावळ पाहावी लागते, आणि ती याच वाशिम जिल्ह्यातून सुरू करता येते.

कारंजा लाडच्या जैन मंदिरांतली हस्तलिखितांची भांडारं विद्वानांना परिचित आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तिच्यात कारंजाच्या पोथ्यांचा मोठा वाटा आहे. पुढे डॉ. हिरालाल जैन (हे वेगळे हिरालाल) यांनी इथल्या पोथ्यांवरून अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. अशा जुन्या पोथ्यांत कागद तपकिरी पडतो, कडा झडतात, कसर लागते, अक्षर मात्र काळंच राहतं. कारण ती मस दिव्याच्या काजळीची असते. काजळी, डिंक, बहुधा थोडा बोळ, आणि दिवसचे दिवस घोटणं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात अक्षराच्या गोलाईइतकीच मशीच्या काळेपणाचीही काळजी केलेली आहे. ज्या काळात प्रत म्हणजे हाताने केलेली नक्कल, त्या काळात हे सौंदर्यापेक्षा सोयीचं बोलणं होतं.

काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. ती पाण्यात विरघळत नाही. तिचे कण नुसते तरंगतात आणि डिंक त्यांना कागदाला धरून ठेवतो. विरघळणाऱ्या रंगाचे रेणू सुटे असतात, प्रकाश त्यांना एकेक करून मोडतो. काजळीचा कण जळून झाल्यावर उरलेला असतो, त्याला उजेड आणखी काय करणार?

फोटोग्राफी आली ती या कुळाबाहेरून, चांदीच्या क्षारांतून. 1839 साली युरोपात जाहीर झालेली ही विद्या मुंबईत लवकर रुजली. 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक छायाचित्रकारही त्याच सुमारास उभे राहिले. पण चांदीच्या त्या सुरुवातीच्या प्रती पिवळ्या पडत, विटत. त्यावर इलाज शोधणारे फिरून काजळीपाशीच पोचले. फ्रान्समध्ये अल्फोन्स प्वातव्हँ याने 1855 मध्ये आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याने 1864 मध्ये जिलेटिनात काजळी कालवून फोटो छापण्याच्या रीती बांधल्या. कार्बन प्रिंट नावाने त्या ओळखल्या जातात. त्या प्रती आजही टवटवीत आहेत. मात्र एका प्रतीला इतका खटाटोप की चांदीचाच ब्रोमाइड कागद स्वस्त झाल्यावर ही पाती मागे पडली.

दुसरी पाती छापखान्यात वाढली. छापखान्याची काळी शाई म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेली काजळी. तिला करडा रंग येत नाही, ती एकतर लागते नाहीतर लागत नाही. मग वर्तमानपत्रात फोटो कसा छापायचा? हाफटोन ब्लॉकने: गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक, बाकीचं काम डोळा करतो. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच वाटेवर होते. रतलामला फोटो-लिथोचं शिक्षण, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, 1903 पासून पुरातत्त्व खात्यात आरेखक-छायाचित्रकार, मग लोणावळ्याला स्वतःचा छपाईचा व्यवसाय. डार्करूम आणि शाई या दोन्हींत हात काळे केलेला असा माणूस आपल्याकडे विरळा.

डार्करूमचा काळ इथे थोडक्यात उरकतो, त्याच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. लाल दिवा, हायपोचा वास, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ माल. रंगीत लॅब आल्या आणि तालुक्याच्या गावांतले एनलार्जर माळ्यावर गेले.

इंकजेटला मी डार्करूमचा नव्हे, ब्लॉकमेकरचा वारस मानतो. तोही ठिपकेच टाकतो. त्याचा एक पूर्वज तर इस्पितळातला आहे: स्वीडनमध्ये रुने एल्मक्विस्त याने 1951 च्या सुमारास हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढायला शाईची बारीक धार वापरली. पुढे 1958 मध्ये माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकरही त्याचाच. 1977 मध्ये कॅननच्या इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि थेंब उडाला, असं ती कंपनी सांगते. उष्णतेने थेंब फेकणाऱ्या कॅननच्या प्रिंटरांची शाखा त्यातून निघाली. एप्सनने दुसरी वाट धरली: विजेने वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो, शाई तापत नाही. हा फरक लक्षात ठेवायचा, काजळीच्या गोष्टीत तो पुन्हा लागतो.

हे प्रिंटर कचेरीतली पत्रं आणि रंगीत तक्ते काढायला बनले होते. कृष्णधवल फोटोचा विचार त्यांच्या कर्त्यांनी केलाच नव्हता. तो केला गायक ग्रॅहम नॅश याने. आपले जुने कृष्णधवल फोटो मोठे छापायला त्याने छपाईपूर्व नमुने काढायचं आयरिस नावाचं यंत्र घेतलं आणि 1991 मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स ही छपाईशाळा काढली. कागद सुंदर, प्रती देखण्या, पण शाई विरघळणाऱ्या रंगांची. ती उडू लागली.

प्रत टिकावी म्हणून कार्बनची काळी एकच शाई वापरली तर उजळ जागी, म्हणजे गालावर, कपाळावर, एकेक ठिपका वाळूसारखा दिसतो. तो लपवायला रंग मिसळले की झाक येते. व्हर्माँटच्या जॉन कोनने 2000 साली पिएझोग्राफी नावाने तोडगा बाजारात आणला. एप्सनच्या न तापणाऱ्या हेडमध्ये रंगांच्या जागी कार्बनच्याच चार छटा भरायच्या: पूर्ण काळी आणि तिची पातळ रूपं. ठिपका फिका झाला की डोळ्याला सापडत नाही आणि रंग नसल्यामुळे झाकही पडत नाही. दीडशे वर्षांच्या भटकंतीनंतर फोटो पुन्हा काजळीच्या घरात आला. कंपन्यांनीही वारा ओळखला. 2002 च्या एप्सन 2200 मध्ये एक फिका काळा आला, आणि 2005 च्या आर 2400 मध्ये एकावेळी तीन काळ्या छटा, शिवाय कृष्णधवलसाठी वेगळी छपाईपद्धत.

आता खरेदीकडे. गावच्या स्टुडिओला रंगीत पासपोर्ट फोटोच पोटाला घालतात, तिथे तीन काळ्यांचा महागडा पिगमेंट, म्हणजे कणांच्या शाईचा, प्रिंटर घ्या म्हणणं शहाणपणाचं नाही. पण टाकीवाल्यांतच करडी शाई असलेला एप्सन एल 8180 आहे. आजोबांच्या गालावरची हिरवळ तेवढ्यानेही पुष्कळ कमी होते. भिंतीवर प्रदर्शन लावणाऱ्याने, किंवा नातवंडांपर्यंत प्रत टिकावी असं वाटणाऱ्याने पिगमेंटच घ्यावा. कॅननचा प्रो-200 करड्या दोन छटा देतो, नितळ छापतो, पण शाई डाय, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची, आहे. प्रो-300 पिगमेंटचा. एप्सनच्या पी 900 मध्ये मॅट काळा आणि फोटो काळा यांना स्वतंत्र छिद्रं आहेत. जुन्या यंत्रांत एका काळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बरीच शाई नाल्यात जायची. मॅट काळा सुती, बिनचकाकीच्या कागदासाठी, फोटो काळा चकचकीत आणि बरायटा, म्हणजे बेरियमचा थर असलेल्या, कागदासाठी. काळोख बरायटावर जास्त खोल दिसतो. तरी चेहऱ्यांसाठी माझी पसंती मॅट सुती कागदालाच, आणि तिथे काळोख थोडा कमी पडतो हे मी सोसतो.

निव्वळ कार्बन शाईची एक सवय आधीच ठाऊक असावी: पातळ केली की ती उबदार, तपकिरीकडे झुकलेली दिसते. तटस्थ करडा हवा असणाऱ्यांसाठी शाईवाले तिच्यात थोडा निळा कण घालतात, आणि पुढेमागे काही हललंच तर बहुधा तो रंगच हलतो. जुन्या आजोबांच्या फोटोला ती ऊब शोभते, त्यामुळे मी तरी निळा घालणार नाही.

दुसरी अडचण हवेची. कण तरंगणारे, म्हणजे बसणारेही. अकोला-वाशिमच्या उन्हाळ्यात पारा 45 कडे सरकतो, हेडच्या तोंडाशी शाई सुकते आणि दोन महिने झाकून ठेवलेला प्रिंटर जाम निघतो. आठवड्याला एक पान, सगळ्या छटांचं, छापावंच. बाटली भरण्याआधी हलवावी. आणि जुन्या एप्सनमध्ये कार्बनच्या छटा भरायच्या असतील तर कंपनीचा ड्रायव्हर चालत नाही, कारण किरमिजीच्या जागी आता फिकी काजळी आहे हे त्याला कळणार कसं? त्यासाठी रॉय हॅरिंग्टनचं क्वाडटोनरिप हे सॉफ्टवेअर लागतं. कोणत्या छिद्रातून किती काळा पडेल, ते त्यात प्रत्येक कागदासाठी वेगळं ठरवावं लागतं.