चिनी माती की अभ्रक? एका ठिणगीचा इतिहास

१/ आरंभीच्या शर्यतींत मोटारीची ताकद अनेकदा स्पार्क प्लगपाशी अडत असे. इंजिनाच्या उष्णतेने प्लगमधील चिनी मातीला तडे जात. वीज तिथूनच निसटे, ठिणगी पडत नसे आणि गाडी मागे राही.

२/ या त्रासाला कंटाळून केनेल्म ली गिनीज या शर्यतपटूने स्वतःच प्लग घडवला. त्यात चिनी मातीऐवजी अभ्रक होता. अभ्रकाचे थर वीज रोखतात आणि उष्णतेत सहसा तडकत नाहीत.

३/ लंडनमधील पटनी व्हेल येथे 'केएलजी' प्लगचा कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात हे प्लग विमानांतही बसले.

४/ १९२२ मध्ये ब्रुकलँड्स येथे याच गिनीजने सनबीम गाडी ताशी सुमारे २१५ किलोमीटर वेगाने पळवून विश्वविक्रम केला. इंजिनाची शक्ती वाढवू पाहणाऱ्याने आधी त्यातला दुबळा भाग शोधावा, हा त्याचा धडा.