कॉटन ग्रीन व मुंबईतील मोटारगाडी उद्योग

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर रे रोड व शिवडी या स्थानकांच्या दरम्यान असलेला कॉटन ग्रीन हा भाग कापसाच्या वखारींमुळे प्रसिद्धीस आला. भारतातील मोटारगाड्यांच्या जुळणीचा पहिला मोठा कारखानाही याच पट्ट्यात, शिवडी येथे, निघाला होता; मात्र त्याचे स्मरण क्वचितच केले जाते.

मुंबईचा कापूसबाजार प्रथम किल्ल्यातील हिरवळीवर भरत असे. तो १८४४ मध्ये कुलाब्यास हलविण्यात आला. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव–शिवडी किनाऱ्यावर भरणी करून सु. ५८३ एकर जमीन मिळविली. १९२३ मध्ये कुलाब्याचा कापूस या नव्या जमिनीवरील वखारींत आला आणि जुन्या जागेचे नावही त्याबरोबर इकडे आले. १९१५ मध्ये सुरू झालेला बंदराचा लोहमार्ग जवळच होता. बोटीतून उतरलेला माल वखारीत व तेथून देशभर पाठविण्याची सोय अशा रीतीने झाली. मोटारगाड्यांच्या अमेरिकन उत्पादकांना हीच सोय हवी होती.

जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. एंजिन, सांगाडा, आस इ. भाग खोक्यांत भरून बोटीने येत. कारखान्यात ते क्रमाने जोडून गाडी तयार करीत. तयार गाडीपेक्षा सुट्या भागांना बोटीत जागा कमी लागे व जकातीतही फरक पडे. हा व्यवसाय या हिशेबावर उभा होता. जोडारी, रंगारी, सुतार, गादीकाम करणारे अशा कारागिरांना येथे काम मिळाले. पण गाडीचा गाभा समुद्रापलीकडेच घडत राहिला. फोर्ड कंपनीनेही १९३० नंतर मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांतच आपली जुळणीकेंद्रे काढली, हे लक्षणीय आहे.

संपूर्ण गाडी भारतात बनावी, हा विचार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडला व वालचंद हिराचंद यांनी तो उचलून धरला. ब्रिटिश सरकारने त्यास साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. माझगाव येथे महिंद्र कंपनीने जीपगाड्यांची जुळणी सुरू केली, तीही स्वातंत्र्याच्या सुमारासच. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून, ज्यांच्याकडे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नाही अशा जुळणी कंपन्यांनी व्यवसाय आवरावा, असे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. फोर्डनेही भारत सोडला. देशी उद्योगाच्या दृष्टीने हे धोरण योग्यच होते. त्याची किंमत मात्र प्रथम त्या कारखान्यांतील कामगारांना मोजावी लागली.

कुर्ल्याच्या कारखान्याने सुरुवातीस क्रायस्लर व नंतर फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या काढल्या. तेथील फियाट ११०० व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने निघालेली गाडी यांनी मुंबईच्या टॅक्सीस तिचे ओळखीचे रूप दिले. परवानापद्धतीमुळे स्पर्धा नव्हती, त्यामुळे जुनाच नमुना दीर्घकाळ खपत राहिला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आल्यावर या संरक्षणाचे तोटे उघड झाले. पुढे फियाटचे उत्पादनही पुण्याजवळील रांजणगावास गेले आणि कुर्ल्याच्या जमिनीवर निवासी व व्यापारी संकुल उभे राहिले. पद्मिनी टॅक्सीला मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निरोप मिळाला.

मुंबईतील कारखानदारी संपांमुळे बुडाली, असे सर्रास म्हटले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. शिवडीचा कारखाना सरकारी धोरणामुळे बंद झाला, कुर्ल्याचा कालबाह्य नमुना व नवी स्पर्धा यांमुळे मागे पडला. दरम्यान मोटारउद्योगाची वाढ पिंपरी–चिंचवड, आकुर्डी, नासिक येथे होत होती. तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) प्रशस्त जागा उपलब्ध केल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार उतरले. या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे चालू झाल्याच नाहीत. परंतु त्यांची यंत्रसामग्री त्यापूर्वीच जुनी झाली होती. गिरण्यांची मागणी आटल्यावर कॉटन ग्रीनच्या वखारींचे मूळ प्रयोजनही क्षीण झाले. १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील बंदर कार्यान्वित झाल्याने जुन्या गोद्यांची वाहतूकही तिकडे वळली.

अमेरिकेतील डिट्रॉइट हे मोटारींचे शहर १९५० मध्ये सु. साडेअठरा लाख वस्तीचे होते. २०१० मध्ये ती सु. सात लाखांवर आली व २०१३ मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. तेथे काम गेले, माणसे गेली, जमीन ओस पडली. मुंबई बेटाची लोकसंख्याही १९८१ मधील सु. ३३ लाखांवरून २०११ मध्ये सु. ३१ लाखांवर आली, पण येथे जमीन ओस पडली नाही. कारखान्यापेक्षा त्याखालची जमीनच अधिक मोलाची ठरली. लालबाग–परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे व बाजारसंकुले आली. कामगारांपैकी अनेकांच्या वाट्याला थकीत देणी, किरकोळ कामे व घरांसाठीची दीर्घ प्रतीक्षा आली.

जनरल मोटर्स १९९० नंतरच्या दशकात भारतात परतली, ती गुजरातमधील हालोल येथे. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथेही तिचा कारखाना सुरू झाला. तेथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि कामगारांना नुकसानभरपाई व नोकरीसाठी झगडावे लागले. पुढे हा कारखाना ह्युंदाई कंपनीने घेतला. ज्या शिवडीत या कंपनीचा भारतातील व्यवसाय सुरू झाला, तेथून जानेवारी २०२४ मध्ये न्हावा शेव्याकडे जाणारा सु. २२ किमी. लांबीचा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला.