सिंधुदुर्गाच्या पायथ्याचे प्रवाळ

परभणीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत पोवळ्याची गांठ पडते ती सराफाच्या पेढीवर. मंगळाच्या शांतीसाठीं अंगठींत बसविलेला तो तांबडा खडा इवल्या जीवांनीं घडविलेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. त्या खड्याचें माहेर मुख्यतः भूमध्य समुद्र. परंतु त्याचे भाईबंद असे प्रवाळ महाराष्ट्रांतहि जिवंत आहेत, आणि तेहि शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गाच्या पायथ्याशीं. डोळ्यांवर कांच व तोंडांत हवेची नळी धरून, पाण्यावर तरंगत ते पाहण्याची सोय मालवणास आहे. तिला ‘स्नॉर्कलिंग’ म्हणतात. सुट्टींत तो बेत करणाऱ्यांनीं त्या जागेची पूर्वपीठिका जाणून घ्यावी.

नोव्हेंबर १६६४ मध्यें महाराजांनीं किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशीं पूजा करून कुरटें बेटावर दुर्गाचा पाया घातला. १६६७ मध्यें काम पुरें झालें. पायाच्या दगडांत शिसें ओतलें, सुमारें तीन किलोमीटर लांबीचा तट उभा राहिला. परंतु दुर्गाचा खरा पहारा बाहेर होता. भोंवतालच्या पाण्यांत बुडते खडक इतके, कीं वाट ठाऊक नसलेल्या गलबताचा तळ फुटावयाचा.

त्याच खडकांनीं प्रवाळांनाहि थारा दिला. प्रवाळास घट्ट तळ, स्वच्छ पाणी व सूर्यप्रकाश लागतो. कारण त्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें व प्रकाशावर अन्न करून यजमानासहि पोसतें. पाणी फार तापलें कीं हें शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरा पडतो. गाळ सांचला तर त्याचा श्वास कोंडतो. पावसाळ्यांत कोंकणच्या नद्या गाळ आणून ओततात, तरी येथील प्रवाळ तग धरून आहेत, हेंच त्यांचें मोल.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं १९७९ मध्यें पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणीं जिवंत प्रवाळ असल्याचें नोंदविलें. १३ एप्रिल १९८७ रोजीं मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला. पण ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर जगल्या, त्या मच्छीमारांस ही घोषणा भरल्या ताटावरून उठविल्यासारखी वाटली. त्यांनीं विरोध केला, आणि अभयारण्य पुष्कळ काळ कागदावरच राहिलें.

येथें महाडजवळच्या वाळणकोंडीची आठवण होते. काळ नदीच्या त्या डोहांतील मासे वरदायिनी देवीचे, म्हणून ते कोणी धरीत नाहीं. तेथें रक्षणाचें बळ राजपत्रांतून आलेलें नसून गांवाच्या श्रद्धेंतून आलेलें आहे. परदेशींचें उदाहरणहि बोलकें आहे. हवाई बेटांतील हनौमा उपसागर १९६७ पासून संरक्षित; तरी लोकांच्या लोंढ्यानें तो झिजला. २००२ पासून प्रत्येक नव्या पाहुण्यास पाण्यांत उतरण्यापूर्वीं माहितीपट पाहावा लागतो. २०२० मध्यें साथीमुळें उपसागर कांहीं महिने बंद राहिला, तेव्हां पाणी अधिक निवळ झालें. कायदा होताच, उणीव होती ती आवरतेपणाची.

मालवणांत आतां चित्र पालटत आहे. मासेमारी करणारींच कित्येक घरें पाहुण्यांस होडींतून प्रवाळ दाखवावयास नेतात. प्रवाळ राहिला तर चूल पेटेल, हें नातें जुळलें कीं राखणदार घरचाच होतो. परंतु त्याच धंद्यांत धोकाहि आहे. गर्दी वाढली कीं नांगर प्रवाळावर पडतो, पोहतां न येणारा पाहुणा घाबरून त्यावर उभा राहतो, आणि वर्षानुवर्षें वाढलेली फांदी क्षणांत मोडते.

तेव्हां, श्रोते हो, दिवाळीनंतर समुद्र निवळल्यावर अवश्य जा. पाण्यावर आडवे तरंगा, पाय टेकूं नका, कशासहि हात लावूं नका. प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या होडीवाल्या दादांस नम्रपणें नको म्हणा. आठवण म्हणून तुकडा आणूं नका. २००१ पासून कठीण प्रवाळांस वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. त्या खडकांनीं एके काळीं शत्रूस अडविलें. आपण तेथें मित्र म्हणून जातों. आपल्यास अडविणारें आपल्या विवेकाखेरीज दुसरें कोणी नाहीं.