दाढीचा टाका

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा नाताळ ऑगस्टातच सुरू होतो. नाताळला टांगायचा नीडलपॉइंटचा, म्हणजे जाळीच्या कॅनव्हासवर टाके घालून केलेला मोजा भरायला महिनेच्या महिने लागतात. यंदा तिचा फोन आला तो थेट मुद्द्यावर: "ताई, चेहरा झाला, झगा झाला. दाढी राहिलीये. तिला कुठला टाका घालू?"

तिच्यापुढे ताठ जाळीदार कॅनव्हास आहे, त्यावर सांता आधीच रंगवलेला. इंचाला १८ घरं, म्हणजे चौरस इंचाला ३२४ टाके. चेहरा तिने साध्या तिरप्या टाक्याने भरला, हे बरं केलं. गालावर नक्षीचे टाके घातले की सांताला देवी येऊन गेल्यासारख्या दिसतात. झग्याच्या काठाला जर वापरली आहे, तीही मोजकीच. पण दाढी सपाट ठेवली तर ती रुमालासारखी लटकते. मी म्हटलं, "टर्की वर्क कर."

हा टाका म्हणजे नाव काढलेल्या घराण्यातला. पश्चिम तुर्कस्तानात गॉर्डेस नावाचं गाव आहे. गालिचा विणताना ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळून दोन्ही टोकं मधून वर काढतात, त्या गाठीला या गावाचं नाव पडलं. असे गालिचे व्हेनिसमार्गे युरोपात पोचत. इंग्लंडचा कार्डिनल वूल्झी याने १५२० मध्ये एका फटक्यात साठ गालिचे मागवून घेतले होते. ते सहसा जमिनीवर अंथरतही नसत. टेबलावर पसरून ठेवत. एवढ्या महाग वस्तूवर पाय कोण देणार?

ज्यांना अस्सल परवडत नव्हतं त्यांच्यासाठी तसल्याच गाठींची नक्कल इंग्लंडातच होऊ लागली. सोळाव्या-सतराव्या शतकांत उशा आणि खुर्च्यांच्या बैठका अशा केसाळ कामाने मढवल्या जात, आणि त्याला नाव पडलं टर्की वर्क. काम इंग्रजांचं, नाव तुर्कांचं. आपल्या शेतात पिकलेला हरभरा काबुली म्हणवून घेतो, त्यातलाच प्रकार.

भरतकामाच्या सुईत हीच गाठ आली तेव्हा तिचा स्वभाव थोडा बदलला. विणकर प्रत्येक गाठीचा धागा वेगळा तोडतो. भरणारीचा धागा मात्र अखंड चालतो: एक टाका घट्ट ओढायचा, पुढचा सैल सोडून फास ठेवायचा, परत एक घट्ट. घट्ट टाका सैल टाक्याला धरून ठेवतो. सगळं भरून झालं की फास कापायचे, आणि गालिच्यासारखे केस उभे राहतात.

एकोणिसाव्या शतकात या टाक्याचे दिवस पालटले. १८०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगवलेले नमुने विकायला आले. एक चौकट म्हणजे एक टाका. दसुतीवर पोपट भरलेल्या बाईला यापुढचं सांगायला नको. मोजता आलं की झालं! युरोप-अमेरिकेतल्या घरोघरी हे काम पोचलं, पण त्या नादात टाक्यांची विविधता आटली. सगळी मजा रंगांकडे गेली. माझ्या मते भरतकामाचं हे थोडं नुकसानच. तरी हौस गप्प बसत नाही. कुत्री, पक्षी, गुलाब उठावदार करण्यासाठी बायका पुन्हा फास घालून कापू लागल्या आणि कात्रीने त्यांना गोलाई देऊ लागल्या. सांताची आजची दाढी मला त्याच कुत्र्यांच्या वंशातली वाटते.

आता धागा. रेशीम दिसतं सुंदर, पण निसरडं असल्यामुळे फास सरकतो. पर्ल कॉटनचा पीळ घट्ट. कापल्यावर टोकं फुलण्याऐवजी दोऱ्यासारखी वेगवेगळी उभी राहतात. लोकर उत्तम. नीडलपॉइंटची लोकर तीनपदरी येते, तिला पर्शियन म्हणतात, कारण मुळात ती इराणी गालिचे दुरुस्त करायला वापरत. म्हणजे दाढीसाठी टाका तुर्की गालिच्याचा आणि धागा इराणी गालिच्याचा. १८ घरांच्या कॅनव्हासला एकच पदर सोडवून घ्यायचा. खालच्या ओळीपासून वर जायचं, नाहीतर भरलेले फास सुईच्या वाटेत येतात. आणि दाढी शेवटी, शेजारचं सगळं संपल्यावरच.

दाढीवाल्याचं मूळही तुर्कस्तानच्याच बाजूचं. ज्याच्यावरून सांता आला तो संत निकोलस चौथ्या शतकात मायरा या गावचा बिशप होता. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं देमरे ते हेच. अर्थात त्याच्या काळी तिथे तुर्क नव्हते. रोमन साम्राज्य होतं आणि लोक ग्रीक बोलत. हुंड्यावाचून अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोनं टाकलं, अशी कथा. पुढे सांगता सांगता ते सोनं चुलीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात पडू लागलं. १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निकोलसच्या भेटीची कविता छापून आली, तिच्यात धुराड्यापाशी टांगलेले मोजेही आहेत आणि पांढरी दाढीही. म्हणजे मोजा, दाढी आणि दाढीचा टाका, तिघांचीही वाट त्याच मुलखातून निघते. हा योगायोगच, पण बहिणीला मी तो रंगवून सांगितला.

परवा तिने फोटो पाठवला. फास कापून, सुईच्या टोकाने विंचरून दाढी छान फुलली होती. फक्त डावीकडे कात्री जरा जास्त चालली होती आणि सांता न्हाव्याकडून अर्धवट उठून आल्यासारखा दिसत होता. खाली निरोप होता: "दोन ओळी उसवतेय. पांढरी लोकर उरलीये, काळजी नको."