रेवाकुंड ते तरणतलाव

प्रवासाला निघण्याआधी हॉटेल ठरवताना तिथे तरणतलाव आहे का, हे पाहण्याची रीत आता आपल्याही घरांत रुळली आहे. नातवंडांना तर बाकी कशाशी कर्तव्यच नसते. नव्या वसाहतींच्या जाहिरातींत निळ्या पाण्याचे चित्र हटकून असते. ही हौस साहेबाकडून आली, असे आपण सहज म्हणून जातो. आणि आजच्या तलावांच्या बांधणीपुरते ते खरेही आहे. पण घरातच बांधीव पाणी असावे, त्याला पायऱ्या असाव्यात, भोवती खांब आणि सावली असावी आणि त्यात उतरून निवांत वेळ घालवावा, हे सुख माळव्याला पाचशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते. आपल्यापैकी ज्यांची घराणी होळकर, शिंदे किंवा पवारांबरोबर या मुलखात आली, त्यांनी ही ठिकाणे सहलीच्या निमित्ताने पाहिलेली असतील. त्यांच्याकडे एकदा इतिहासाच्या नजरेने पाहावे, अशी विनंती आहे.

आधी मांडू. विंध्याच्या कडेवरचे हे पठार दरीने बाकीच्या माळव्यापासून तोडलेले आहे. वर बारमाही नदी नाही. पावसाळ्यात मिळेल तेवढे पाणी अडवायचे आणि वर्षभर पुरवायचे, एवढाच मार्ग. म्हणून मांडूत जिकडे पाहावे तिकडे तळी, बावड्या, हौद आणि दगडी पन्हळी दिसतात. जहाज महाल हा शंभर मीटरहून लांब आणि अरुंद वाडा मुंज तलाव व कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे; दोन्हीकडे पाणी भरले की तो नांगरून ठेवलेल्या जहाजासारखा दिसतो. त्याचे बांधकाम सहसा सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या नावावर सांगतात. त्याची कारकीर्द १४६९ ते १५०० अशी.

या वाड्याच्या उत्तर टोकाला तळमजल्यावर एक देखणे कुंड आहे, आणि त्याच टोकाला वर गच्चीतही दुसरे. काठ सरळ नाहीत. पाकळ्यांसारखे वळत गेलेले आहेत. पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात जावे आणि समोर तलावाचा पसारा दिसावा, अशी ती रचना. गच्चीवर पाणी न्यायचे म्हणजे ते आधी उचलायला हवे, मग पन्हळीतून वाहते करायला हवे. तिथली एक पन्हळ शंखासारखी वळसे घेत जाते. वळशांमुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो, असे तिचे प्रयोजन सांगतात. पाहणाऱ्याला मात्र ती केवळ शोभेची वाटते. जवळच्या नीलकंठ येथे, अकबराच्या काळात बांधलेल्या आणि आज शिवस्थान असलेल्या वास्तूतही असेच वळसेदार दगडी पात्र आहे. चंपा बावडीपाशी हमाम आहे. त्याच्या छताला तारकांच्या आकाराची छिद्रे ठेवून उजेड आत घेतला आहे. पाणी उचलणे, निवळणे, थंड ठेवणे आणि त्यावर उजेड पाडणे या सगळ्यांचा विचार एकाच वास्तूत व्हावा, याचे आजही कौतुक वाटते.

गियासुद्दीनचा मुलगा नासिरुद्दीन याने ही हौस उज्जैनला नेली. शिप्रेचे पाणी वळवून ते कालियादेहच्या कुंडांमधून खेळवले. कुंडांची संख्या बावन्न सांगतात. एका कुंडातून दुसऱ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत उन्हाळा काढावा, अशी ही जागा. या नासिरुद्दीनविषयी जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मद्याच्या धुंदीत सुलतान पाण्यात पडला. सेवकांनी केसांना धरून त्याला वर काढले. शुद्धीवर आल्यावर, केसांना हात लावलाच कसा म्हणून त्याने वाचवणाऱ्याचे हात तोडवले. पुढे पुन्हा तसाच प्रसंग आला तेव्हा कोणी पुढे झाले नाही, आणि तो बुडाला. गोष्ट घडली तशीच असेल असे नाही. जहांगीराचा त्याच्यावर बापाला विष दिल्याबद्दल राग होता. पण असल्या कुंडांच्या काठावर कोण उभे असे आणि त्याची किंमत काय होती, हे या गोष्टीतून नेमके कळते.

खुद्द जहांगीर १६१७ च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मांडूत राहिला. तिथल्या पावसाळ्यावर तो लुब्ध होता. नूरजहानने तळ्याकाठच्या इमारतींवर दिव्यांची आरास केली आणि सगळे पाणी उजळून निघाले, त्या रात्रीचे वर्णन त्याने आनंदाने केले आहे. त्याच वर्षी, त्याच मांडूत, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही दरबाराबरोबर होता. पावसाआधीच्या महिन्यांविषयी त्याने लिहिले आहे ते पाण्याच्या हलाखीविषयी. एवढी मोठी छावणी अचानक येऊन पडल्यावर विहिरी पुरेनात. बड्या सरदारांनी त्या आपापल्या ताब्यात घेतल्या. आणि राजाच्या वकिलालाही एका खानाकडे विनवणी करून रोजचे पाणी मिळवावे लागले. मग साध्या माणसांचे काय झाले असेल? दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एक वाचून दुसरी सोडून दिली तर मांडू कळले असे होत नाही.

मांडूचे पठार अठराव्या शतकात धारच्या पवारांकडे आले. कालियादेहचा मोडका महाल ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२० मध्ये दुरुस्त करविला. पण मराठी राजवटीची पाण्याशी खरी ओळख पटते ती मांडूच्या खाली, नर्मदेच्या काठी, महेश्वरला. अहिल्याबाईंनी राजधानीसाठी नदीकाठ निवडला आणि वाड्याखाली सुंदर घाट बांधले. पाकळ्यांचे कुंड एका माणसासाठी असते. घाटाच्या पायऱ्यांवर हजारो माणसे उतरतात. तिथे पोहण्याचे सुख आहे, आणि कोणाचा पहारा नाही. मात्र घाटाला दार नसले तरी जातीचे दार आपल्या समाजात होतेच, आणि ते उघडण्याचे काम फार उशिरा सुरू झाले.

इंदूरहून गुजरीमार्गे मांडूला जाताना वाटेत महू लागते. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथे झाला. मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी हाताला लागेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. तो प्रश्न जलक्रीडेचा नव्हता, माणुसकीचा होता. पण ज्या तळ्याचे पाणी पिऊ दिले जात नाही, त्यात पोहण्याची गोष्ट कोण काढणार? मुंबईच्या ब्रीच कँडीच्या तरणतलावाची कथा निराळी. तिथे वर्ण आडवा येई. त्या संस्थेच्या एका तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा आहे, आणि तिथे हिंदी माणसाला मज्जाव होता. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तो टिकला.

आता आपल्या दाराशी येऊ. मांडूत बाजबहादूरच्या महालाशेजारी रेवाकुंड आहे. महालातल्या अंगणाच्या हौदाला पाणी तिथूनच मिळे. रूपमती नर्मदेचे दर्शन घेतल्याखेरीज अन्नपाणी घेत नसे, म्हणून रेवा स्वतः डोंगर चढून या कुंडात प्रकटली, अशी दंतकथा आहे. दंतकथेतले ते नवल १९७८ मध्ये इंदूरकरांनी प्रत्यक्षात पाहिले. जलूदपाशी उचललेले नर्मदेचे पाणी पंपांनी विंध्य चढवून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या शहरात आणले गेले. आज इंदुरातला तरणतलाव, घराच्या अंगणातला असो वा क्लबातला, बहुधा याच पाण्याच्या जोरावर उभ्या असलेल्या शहरात भरतो. ज्यांच्या नळाला एक दिवसाआड पाणी येते, अशा वस्त्याही त्याच शहरात आहेत.

हिशेब साधा आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात पंचाहत्तर हजार लिटर पाणी मावते. शहरी पुरवठ्याचे प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर धरतात. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाचे ते जवळजवळ १११ दिवसांचे पाणी झाले. हा हिशेब तलावावर बंदी घाला असे सांगण्यासाठी मांडलेला नाही. एकदा भरलेले पाणी गाळून महिनोन्महिने वापरता येते. छतावरचे पावसाचे पाणी साठवून तलाव भरता येतो. एका घराऐवजी साऱ्या वसाहतीचा एकच तलाव असू शकतो. जहाज महालाच्या कारागिरांना यातली पहिली दोन कामे माहीत होती. तिसरे त्यांच्या धन्याला नको होते.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात मुलांना घेऊन मांडूला गेलात, तर पाकळ्यांच्या कुंडापाशी छायाचित्रे जरूर काढा. ते खरोखर सुंदर आहे. पण आधी त्यांना गच्चीवर नेऊन ती वळसेदार पन्हळ दाखवा, पाणी कुठून चढवले असेल ते त्यांनाच शोधायला सांगा, आणि ते कोणी चढवले असेल हेही विचारा. मुक्कामाच्या हॉटेलात संध्याकाळी ती तलावात उतरतील तेव्हा हेच दोन प्रश्न तिथेही लागू पडतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.