‘असे नाव अस्तित्वात नाही’ : एका नकाराचा इतिहास

१५ सप्टेंबर २००३ रोजी डॉट कॉम आणि डॉट नेट हे प्रत्यय लावून तयार होणारे, पण कोणीच न नोंदवलेले प्रत्येक नाव एकाएकी अस्तित्वात आले. कोणी ते विकत घेतले नव्हते, कोणी त्यावर संकेतस्थळ उभारले नव्हते. ब्राउझरमध्ये अक्षरांची वाटेल ती रांग टंकून तिला डॉट कॉम जोडले, तरी पत्ता मिळे. आणि तो नेहमी एकच असे : ६४.९४.११०.११. त्या पत्त्यावरील यंत्रात एक शोधपान होते. आपल्याला अमुक नाव म्हणायचे होते का, असे ते अदबीने विचारी आणि सोबत पैसे घेऊन लावलेले दुवे दाखवी. या पानाचे नाव ‘साइट फाइंडर’ आणि ते मांडणारी कंपनी व्हेरिसाइन.

कंपनीच्या लेखी ही ग्राहकांची सोय होती. इंटरनेटची बांधणी करणाऱ्या अभियंत्यांच्या लेखी मात्र तो विश्वासघात होता. इतक्या टोकाच्या प्रतिक्रियेचे कारण समजण्यासाठी आणखी वीस वर्षे मागे जावे लागते.

१९७०च्या दशकात अर्पानेट या पूर्वसूरी जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एका साध्या मजकूर-फाइलीत मावत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखालील कचेरी ती फाइल सांभाळी. नवा संगणक जोडायचा तर त्या कचेरीला कळवायचे, आणि इतरांनी अधूनमधून ताजी प्रत उतरवून घ्यायची. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरासारखा तो कारभार होता. गाव वाढले, दप्तर पुरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम, म्हणजे डीएनएस, ही रचना मांडली. एकाच दप्तराऐवजी अधिकाराची उतरंड आली. सर्वांत वर मूळ सर्व्हर. त्यांच्याखाली डॉट कॉम, डॉट नेट अशा शाखांचे सर्व्हर. आणि त्यांच्याखाली ज्याच्या त्याच्या नावाचे. प्रश्न वरून खाली सरकत जातो आणि शेवटी नावाचा पत्ता हाती येतो.

किंवा येत नाही. त्या वेळी उत्तरादाखल एक ठरलेला संकेत येतो : असे नाव अस्तित्वात नाही. तंत्रज्ञ त्याला ‘एनएक्सडोमेन’ म्हणतात. हे उत्तर म्हणजे यंत्रणेचे अपयश, असा समज सहज होतो, परंतु तो चुकीचा आहे. हा नकार अधिकृत असतो, नेमका असतो, आणि होकाराइतकाच उपयोगाचा असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानकाने तर नकारही काही काळ स्मरणात ठेवण्याची रीतसर पद्धत घालून दिली, म्हणजे तोच प्रश्न पुन्हापुन्हा वर न्यावा लागू नये.

प्रश्न विचारणारा दर वेळी ब्राउझर नसतो, हा या कथेतील कळीचा मुद्दा. टपाल पोहोचवणारे सर्व्हर, कचेरीतले छपाईयंत्र, पाळत ठेवणाऱ्या संगणकप्रणाली हे सगळेच डीएनएसला प्रश्न विचारतात, आणि त्यांपैकी कोणालाही जाहिरातीचे पान वाचता येत नाही.

व्हेरिसाइनने २००० साली नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत डॉट कॉम व डॉट नेट यांच्या नोंदवह्या सांभाळण्याचे काम कंपनीकडे आले. नोंदवही कंपनीच्या मालकीची नव्हती. आयकॅन या संस्थेशी झालेल्या करारान्वये ती सांभाळायची होती. त्या नोंदवहीत कंपनीने एक तारांकन घातले. डीएनएसमध्ये तारांकनाचा अर्थ ‘बाकीचे सर्व’ असा होतो. ही सोय मूळ रचनेतच आहे, आणि स्वतःच्या छोट्या शाखेपुरती ती वापरण्यात काही गैरही नाही. पण डॉट कॉमच्या मुळाशी तारांकन घालणे म्हणजे जगातील सर्व उरलेल्या नावांवर आपली पाटी लावणे. इतर कोणाला एखादे नाव हवे असले, तर व्हेरिसाइनला त्यासाठी वर्षाकाठी ६ डॉलरचा घाऊक दर मोजावा लागे. कंपनीने स्वतः मात्र अगणित नावे एका चिन्हाने, विनामूल्य, कामाला लावली. चुकून टंकलेल्या अक्षरांनाही बाजारभाव असतो, हे तिने बरोबर ओळखले होते.

पहिला फटका टपालाला बसला. त्या काळी अनेक टपाल-सर्व्हर एक सोपी चाळणी लावत : पत्र पाठवणाऱ्याचे डोमेन खरोखर आहे का, ते पाहावे, नसेल तर पत्र कचऱ्यात टाकावे. १५ सप्टेंबरनंतर डॉट कॉम आणि डॉट नेटमधले प्रत्येक डोमेन ‘खरे’ ठरू लागले आणि चाळणीची भोके एकदम मोठी झाली. दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म होता. पूर्वी पत्त्यात चूक झाली की पाठवणाऱ्याचाच सर्व्हर नकार ओळखून पत्र तत्काळ परत करी. आता पत्र थेट व्हेरिसाइनच्या यंत्राच्या दारात जाऊन उभे राहू लागले. तेथे पत्रे नाकारण्यासाठी ‘स्नबी’ नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवला होता. पत्र तो स्वीकारत नसे, हे खरे. पण नकार देईपर्यंत पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्या हाती पडू शकत होता. शिवाय तो प्रोग्राम कामाच्या भाराने थकला, तर चुकीच्या पत्त्याचे पत्र पाठवणाऱ्याकडे दिवसचे दिवस अडकून पडण्याची भीती होती.

इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने १९ सप्टेंबर रोजी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातील एक निरीक्षण इंग्रजीपलीकडच्या वाचकाला विशेष भिडावे. तोवर चुकीचे नाव टंकले की ब्राउझर आपल्या वापरकर्त्याच्या भाषेत आणि लिपीत चुकीची सूचना दाखवी. आता कोणत्याही देशातील, कोणतीही भाषा वाचणाऱ्या माणसापुढे एका अमेरिकन कंपनीचे इंग्रजी पान येऊ लागले. नकार देशोदेशी भाषांतरित झाला होता. जाहिरात तशी झाली नव्हती.

तंत्रज्ञांचा प्रतिकार खलित्यांपुरता राहिला नाही. डीएनएसचा सर्वाधिक वापरला जाणारा सॉफ्टवेअर-संच ‘बाइंड’ तयार करणाऱ्या संस्थेने अवघ्या एकदोन दिवसांत त्यात एक दुरुस्ती आणली. ती बसवली की डॉट कॉमकडून आलेले तारांकित उत्तर फेटाळून पुन्हा जुना ‘नाही’ मिळे. आयकॅनने १९ सप्टेंबरला सेवा स्वखुशीने थांबवण्याची विनंती केली, कंपनीने दोन दिवसांनी ती नाकारली. ३ ऑक्टोबरला आयकॅनचे अध्यक्ष पॉल ट्वोमी यांचे पत्र गेले, आणि त्यात विनंतीचा सूर उरला नव्हता : दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तारांकन काढा, अन्यथा कराराची अंमलबजावणी करवून घेतली जाईल. ४ ऑक्टोबरला तारांकन निघाले. साइट फाइंडर तीन आठवडेही जगले नाही.

व्हेरिसाइनचा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर २००१ पासून चुकलेले नाव आपल्याच एमएसएनच्या शोधपानाकडे नेत होता. मग व्हेरिसाइननेच काय घोडे मारले? फरक जागेचा होता. ब्राउझर माणसाच्या टेबलावर असतो. त्याची मांडणी बदलता येते, न आवडल्यास तो काढून टाकता येतो, आणि त्याने काही केले तरी शेजारच्या टपाल-सर्व्हरला त्याची झळ लागत नाही. नोंदवहीच बदलली, तर पळवाट उरत नाही. कंपनीने फेब्रुवारी २००४ मध्ये आयकॅनवर दावा लावला. स्पर्धाविरोधाचे आरोप न्यायालयात टिकले नाहीत; अखेरीस तडजोड झाली आणि २००६ मध्ये डॉट कॉमचा नवा करार मंजूर झाला. त्यात कंपनीला दरवाढीची मुभा मिळाली आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण जवळजवळ गृहीत धरले गेले. हरलेल्या पक्षाला असा तह क्वचितच लाभतो.

प्रकरण येथे मिटायला हवे होते. परंतु आयकॅनचे करार नोंदवह्या सांभाळणाऱ्यांशी आणि नावे विकणाऱ्यांशी होते. घरोघरी इंटरनेट पोहोचवणाऱ्या कंपन्यांवर त्यांचा काहीच अंमल नव्हता, आणि ग्राहकाचा प्रत्येक प्रश्न पहिल्यांदा जातो तो याच कंपन्यांच्या सर्व्हरकडे. वरून प्रामाणिक ‘नाही’ आले, तरी ग्राहकाला ते तसेच सांगितले पाहिजे असे बंधन कोणी घातले होते? मधल्या माणसाचा हा मोह जुना आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यसंस्काराचा व्यावसायिक होता. टेलिफोन एक्स्चेंजवरची बाई आपल्याकडे येणारे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला आणि त्या रागातून त्याने माणसावाचून चालणारे एक्स्चेंज शोधून काढले, अशी आख्यायिका आहे. बाईच्या अपराधाचा पुरावा नाही. १८९१ सालचे पेटंट मात्र खरे आहे.

अमेरिकेतील अर्थलिंक या पुरवठादार कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये चुकलेली नावे जाहिरातीच्या पानांकडे वळवण्यास सुरुवात केली. पाने पुरवण्याचे काम बेअरफ्रूट या ब्रिटिश कंपनीकडे होते. या व्यवस्थेतला खरा धोका दीड वर्षाने उघड झाला. एप्रिल २००८ मध्ये सिॲटल येथील एका परिषदेत सुरक्षा-संशोधक डॅन कमिन्स्की यांनी दाखवले, की वळवली जाणारी नावे केवळ बेवारस नव्हती. एखाद्या नामांकित संकेतस्थळाच्या खऱ्या नावाला अस्तित्वात नसलेला उपसर्ग लावला, तरी तेथे बेअरफ्रूटचे पान उघडे. ब्राउझर नावावर विश्वास ठेवतो. त्याच्या दृष्टीने ते पान त्या नामांकित संकेतस्थळाचाच भाग होता. आणि बेअरफ्रूटच्या पानात अशी फट होती, की तिऱ्हाईताला त्यात आपला प्रोग्राम घुसवता येई. म्हणजे मूळ संकेतस्थळ कितीही भक्कम असले, तरी त्याची सुरक्षितता एका जाहिरात-सर्व्हरच्या दर्जावर येऊन ठेपली होती. फट त्वरेने बुजवण्यात आली. नावे वळवणे चालूच राहिले.

ऑगस्ट २००९ मध्ये कॉमकास्ट या बलाढ्य केबल-कंपनीने अशीच सेवा अमेरिकाभर लागू केली. ज्याला ती नको त्याने स्वतःहून तसे कळवावे, अशी पद्धत होती. ओपनडीएनएसचे उदाहरण थोडे वेगळे आहे. ती सेवाही चुकलेल्या नावांवर जाहिराती दाखवून आपला खर्च भागवी. पण तिच्याकडे लोक आपण होऊन जात, तिची अट जाणून जात. २०१४ मध्ये तिनेही या जाहिराती बंद केल्या.

कॉमकास्टला थांबवले ते कायद्याने किंवा टीकेने नव्हे, गणिताने. डीएनएसमधील उत्तरांवर गुप्तलेखनाची स्वाक्षरी घालण्याची ‘डीएनएससेक’ ही पद्धत २००५ मध्ये मानकरूपात आली होती. तिच्या कर्त्यांपुढे एक गमतीशीर पेच होता : जी वस्तू आहे तिच्यावर सही करता येते, जी नाहीच तिच्यावर कशी करणार? तोडगा असा निघाला, की नावे क्रमाने लावायची आणि ‘या नावानंतर थेट ते नाव येते, मध्ये काही नाही’ या विधानावर सही करायची. मग वाटेतल्या कोणी ‘नाही’चे ‘आहे’ केले, तर खोटेपणा तपासणीत उघडा पडतो. जुलै २०१० मध्ये मूळ सर्व्हरांच्या यादीवर आणि मार्च २०११ मध्ये डॉट कॉमवर स्वाक्षरी झाली. ही दुसरी स्वाक्षरी करणारी कंपनी अर्थातच व्हेरिसाइन होती. जानेवारी २०१२ मध्ये कॉमकास्टने आपल्या ग्राहकांसाठी डीएनएससेक पूर्णपणे लागू केले आणि या पद्धतीशी विसंगत म्हणून आपली वळवण्याची सेवा बंद केली.

या कथेचा सर्वांत विलक्षण अवशेष मात्र ब्राउझरमध्ये उरला. क्रोममध्ये पत्ता आणि शोधशब्द एकाच चौकटीत टंकतात. एकच शब्द आला, तर ते कचेरीतल्या एखाद्या संगणकाचे नाव आहे की शोधायचा शब्द, हे ठरवण्यासाठी डीएनएसचे खरे उत्तर हवे. आणि पुरवठादार खरे उत्तर देईल याची खात्री उरली नव्हती. म्हणून क्रोम सुरू होताना, आणि दर वेळी जाळे बदलताना, ७ ते १५ अक्षरांची तीन निरर्थक नावे रचून विचारू लागला. तिन्हींना ‘नाही’ आले तर ठीक. दोन नावांना एकच पत्ता आला, तर पुरवठादार उत्तरे वळवतो आहे असे समजायचे. त्या नावांना कोणताही प्रत्यय नसल्यामुळे हे प्रश्न थेट मूळ सर्व्हरांपर्यंत चढत. कोट्यवधी संगणक, दिवसातून अनेकदा.

२०२०च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे आढळले, की मूळ सर्व्हरांकडे येणाऱ्या एकूण प्रश्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रश्न या निरर्थक नावांचे होते. विश्लेषण करणारा अभियंता व्हेरिसाइनचाच होता. मूळ सर्व्हरांपैकी दोन ती कंपनी चालवते. त्या वर्षाच्या अखेरीस क्रोमने ही चाचणी बदलली आणि मूळ सर्व्हरांवरचा भार सुमारे ४१ टक्क्यांनी उतरला.