‘बॉक्स गेला’ हा निकाल कशाच्या आधारावर?

जुन्या ऑटोमॅटिक गाडीने गिअर उशिरा घेतला, इंजिन नुसतेच ओरडले, की मुरलेले मेकॅनिकही निकाल देऊन मोकळे होतात : बॉक्स गेला, उतरवा. या मताला आधार नाही असे नाही. आतल्या क्लचच्या चकत्या वयाने झिजतात. बॉक्स उघडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. आणि जुन्या वायरिंगमधला दोष शोधत बसण्याची मजुरी परवडत नाही. तिन्ही मुद्दे वजनदार आहेत. तरीही निकाल चुकीचा आहे.

अमेरिकेतली १९८७ ते २००१ या काळातली, चार लिटर इंजिनाची जीप चेरोकी घेऊ. तिचा एडब्ल्यू-४ हा चार गिअरचा बॉक्स जपानच्या आयसिन-वॉर्नरचा. गिअर केव्हा बदलायचा हे बॉक्सबाहेरचे कंट्रोल युनिट ठरवते; आतले सोलेनॉइड तो हुकूम पाळतात.

चकत्या वयाने झिजतात, मान्य. पण वय फक्त चकत्यांनाच होते काय? लीव्हरची जागा सांगणारा स्विच बॉक्सच्या कुशीवर उघडा बसतो. चिखलपाणी खाऊन त्याचे काँटॅक्ट गंजतात. थ्रॉटलचा सेन्सर घासला जातो. ब्रेकचा स्विच बिघडला तर टॉर्क कन्व्हर्टर लॉकच होत नाही, हायवेवर इंजिनाचे फेरे चढे राहतात, आणि लोक म्हणतात क्लच घसरतोय. शिवाय दोष आज दिसतो, उद्या नाहीसा होतो, असे असेल तर झिजलेली चकती रात्रीतून भरून आली काय? नाही. असा दोष बहुधा विजेचा असतो.

उघडल्याशिवाय कळत नाही, हा मुद्दा तर एका फ्यूजने कोसळतो. गाडी उभी करून कंट्रोल युनिटचा फ्यूज काढा आणि गिअर हाताने टाका. वीज तोडल्यावरही या बॉक्समध्ये लीव्हर १-२ वर असता पहिला, ३ वर तिसरा आणि ‘डी’वर चौथा गिअर मिळतो. हे गिअर घट्ट पकडले आणि तक्रार गेली, तर दोष विजेच्या बाजूला आहे. तरीही घसरले, तर ऑइलचा दाब किंवा क्लच. या परीक्षेत दुसरा गिअर येत नाही, हे प्रतिपक्षाने दाखवून द्यावे. तेवढी उणीव मी मान्य करतो. पण ज्या परीक्षेत चारपैकी तीन गिअरांची साक्ष मिळते, ती न घेताच निकाल देणे हा कोणता न्याय?

उरली मजुरी. फ्यूज काढायला किती वेळ लागतो? आणि खर्चाचाच हिशेब मांडायचा तर पुढचाही मांडावा. बिघडलेला सेन्सर जागेवरच राहिला, तर नवा बॉक्सही तसाच वागेल. थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलवर ऑइलचा दाब ठरतो. ती सैल राहिली तर दाब कमी पडतो, आणि नव्या चकत्याही जळतात. महाग पडले ते कोणते काम?

ऑइल काळे पडून जळका वास मारत असेल, पॅनमध्ये धातूचा चुरा सापडला असेल, तर बॉक्स खुशाल उतरवावा. तिथे माझा वाद नाही. एरवी गाडीमालकाने बॉक्सचा भाव विचारण्याआधी एवढेच विचारावे : फ्यूज काढून गाडी चालवली होती का, आणि तेव्हा तिसरा गिअर घसरला का?